दोन यकृतांचा माणूस

मला लाल पेन फार आवडतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तीसेक वर्षं मी सोलापुरात डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींना शरीररचना शिकवली. त्यांच्या वह्यांतली चित्रं तपासून तपासून माझ्या मधल्या बोटाला जो घट्टा पडला तो अजून गेलेला नाही. पोरं माघारी मला 'लाल पेन' म्हणायची. ते कानावर आलं तेव्हा मी वर्गात रागावल्याचं नाटक केलं, पण मनातून खूश झाले होते. यकृत जिथं असतं तिथंच काढलं पाहिजे, एवढीच माझी मागणी. लोक म्हणतात, थोडं इकडंतिकडं झालं तर काय बिघडतं? अहो, पोट आहे ते. दिवाणखान्यातलं कपाट नव्हे, आज या भिंतीला आणि उद्या त्या भिंतीला लावायला.

निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता आराम करा. आराम मला आठ दिवस जमला. नवव्या दिवशी मी वर्तमानपत्रातली गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात दुरुस्त केली. त्यांनी गुडघ्याखाली एकच हाड काढलं होतं, दुसरं मी लाल पेनानं घातलं. मग दातांच्या मंजनाची जाहिरात, मग चष्म्याच्या दुकानाची. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावानं थंड. ते म्हणाले, पेपर तपासून झाला की मला वाचायला दे, आणि त्यांना किती मार्क पडले तेही सांग.

अशात नवी पेठेतल्या एका छापखान्याच्या मालकांचा फोन आला. हे गृहस्थ इतके दिवस लग्नपत्रिका आणि शाळेच्या वह्या छापायचे. आता नर्सिंगच्या मुलींसाठी आणि गावोगावच्या आशाताईंसाठी शरीराची ओळख करून देणारं मराठी पुस्तक काढायचं त्यांच्या मनात होतं. दुसऱ्यांच्या पुस्तकातली चित्रं उचलता येत नाहीत, म्हणून सगळी नव्यानं काढून घ्यायची होती. काढणार होते एक डिझाइन मास्तर, म्हणजे चादरी-टॉवेलांवरची नक्षी कागदावर आखून देणारे कारागीर. हल्ली ते काम संगणकावर होतं, त्यामुळं मास्तर मोकळेच होते. तपासणार मी. चित्र बरोबर असेल तर खालच्या कोपऱ्यात लाल टिक करायची, आणि टिक नसलेलं चित्र छापायचं नाही, असं ठरलं. मी त्याच दुपारी दुकानात जाऊन लाल पेनांचं नवं पाकीट आणलं.

चित्रांचं पहिलं पाकीट संक्रांतीच्या सुमाराला आलं. वरच छातीचा पिंजरा होता, आणि तो बघून मी खुर्चीत सरसावून बसले. बरगड्या मोजल्या. बाराच्या बारा, दोन्ही बाजूंना, शेवटच्या दोन पुढं न जोडता मोकळ्या सोडलेल्या. मी चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांना अकरा बरगड्या काढताना पाहिलंय. रेघ तर अशी बारीक आणि न थरथरणारी, की मला माझ्या हाताची लाज वाटली. म्हटलं, मिळाला बाई एकदाचा माणूस!

मग खालून पोट निघालं. उजवीकडं यकृत होतं. डावीकडंही यकृत होतं. दोन यकृतांखाली दोन पित्ताशयं, आणि खाली दोन्ही कोपऱ्यांत एकेक अपेंडिक्स. जठराचा पत्ता नाही, प्लीहा गायब. वर छातीत अगदी मधोमध हृदय, थेट पत्त्यातला बदाम. मी कपाळावर हात मारला, आणि मग जी हसत सुटले ती हे आतून धावत आले. मी त्यांना सांगितलं की या बिचाऱ्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन दोनदा करावं लागणार, आणि यानं खाल्लेलं जेवण कुठं जाणार ते देवालाच ठाऊक.

हसून झाल्यावर मला राग आला. मी मूळची सांगोल्याकडची. आमच्याकडं पाणी कमी आणि राग जास्त. मालकांना फोन लावला आणि सांगितलं की हे काम या माणसाच्या हातचं न्हाय, द्या सोडून. मालक म्हणाले की मग संगणकावरची तयार चित्रं विकत घेऊ, मास्तरांना तसं कळवतो. मी फोन ठेवला आणि शांतपणे चहा प्यायले. तो चहा मला पुढं बरेच दिवस आठवत राहिला.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः दारात उभे. पासष्टीच्या आसपासचे, किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशात दोन पेन्सिली. विणकरांच्या पूर्व भागातून सायकल मारत आले होते, घाम पुसत होते. घरात तेलुगू बोलणारा माणूस, पण मराठी आपल्या सोलापुरी वळणाची. मी दारातच सांगणार होते की आता काही उपयोग नाही. पण त्यांनी चप्पल काढली, कोपऱ्यात नीट जोडून ठेवली आणि आत येऊन उभे राहिले. चप्पल इतकी नीट ठेवणाऱ्या माणसाला दारातून परत पाठवणं मला जमलं नाही.

ते म्हणाले, "मॅडम, चाळीस वर्षं डिझाइन काढलं. लोक त्यावर झोपले, पांघरून घेतलं, लग्नात आहेर दिला. माझं नाव कशावरच न्हाय. ह्या पुस्तकावर घालतो म्हणाले मालक. माझी नात नर्सिंगला हाय, पहिल्या वर्षाला. तिला हेच पुस्तक लागणार."

एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं. आदल्या दिवशी 'द्या सोडून' म्हणताना मला कुठं माहीत होतं की मी एका आजोबाचं नाव नातीच्या पुस्तकातून काढून टाकतेय. पण मी चटकन विरघळणारी नव्हे. पाकिटातून ते चित्र काढलं, त्यांच्यापुढं टेबलावर आपटलं आणि विचारलं की माणसाला दोन यकृतं कोणत्या गावात असतात. मालकांनी तुम्हाला नमुन्याला दिलेल्या चित्रात एकच होतं, दुसरं आणलं कुठून?

मास्तर गोंधळून चित्राकडं बघत राहिले. मला वाटलं आता सबबी सांगणार. पण त्यांची नजर चित्रावरून सरकून आमच्या दिवाणाकडं गेली. तिथं हे पेपर वाचत पडले होते, आणि त्यांच्याखाली आमची नेहमीची चादर, मोरांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. मास्तरांनी यांना विचारलं, साहेब, जरा उठता का? हे पेपरसकट उठले. मास्तरांनी चादर ओढून घेतली, झटकली, हातानं मधली रेघ शोधली आणि त्या रेघेवर घडी घातली. मोरावर मोर बसला. चोचीवर चोच, पिसाऱ्यावर पिसारा, सुताचाही फरक नाही.

"ही माझी हाय," ते म्हणाले. "मोर असू द्या, कमळ असू द्या, आमी अर्धंच काढतो की, मॅडम. उरलेलं अर्धं माग काढतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं या माणसानं चौकटीच्या कागदावर फक्त अर्धी नक्षी आखली होती. ती अर्धी नक्षी पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या कार्डांवर चढायची आणि मागावर दुसऱ्या बाजूला आपोआप उलटून यायची. पूर्ण काढणं म्हणजे त्यांच्या धंद्यात येडेपणा, दुप्पट वेळ आणि चुकायची दुप्पट भीती. म्हणून त्यांनी माणूसही अर्धाच मन लावून काढला. यकृताची बाजू आधी काढली, आणि मग ती इमानदारीनं पलीकडं उलटवली. चूक होती, पण आळसाची नव्हती. चाळीस वर्षांच्या कामाची होती. आणि गंमत बघा, ज्या चादरीवर मी इतकी वर्षं झोपत आले, तिची नक्षी काढणाऱ्यालाच मी 'द्या सोडून' म्हटलं होतं.

मी सांगितलं की माणूस चादरीसारखा घडीत बसत नाही. आत सगळं वेडंवाकडं असतं. यकृत उजवीकडं, जठर डावीकडं, हृदय डावीकडं झुकलेलं, उजव्या फुप्फुसाचे तीन भाग तर डाव्याचे दोन. मूत्रपिंडंसुद्धा एका रेषेत नसतात, उजवं जरा खाली असतं. मास्तर लहान मुलासारखे ऐकत होते. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की जो माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी विचारला नव्हता. म्हणाले, मग बाहेरनं एकसारखा का दिसतो? मी म्हटलं, बाहेरचं लोकांना दाखवायला असतं, आतलं जागा मिळेल तसं बसतं, एकत्र कुटुंबासारखं. मास्तर हसले आणि त्यांनी पेन्सिल काढली.

पुढचा तासभर आमच्या घरात जे झालं त्याबद्दल ह्यांनी मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही. मी ह्यांना दिवाणावर उताणं झोपवलं, बनियन वर केलं आणि मुलांच्या जुन्या डब्यातली स्केचपेनं काढली. तपकिरी रंगानं यकृत, हिरव्यानं पित्ताशय, लाल रंगानं जठर, निळ्यानं आतडी. मास्तर चटईवर बसून बघून काढत होते. पण त्यांची एक अडचण होती. समोरच्या माणसाची उजवी बाजू आपल्या डावीकडं येते, आणि तिथं ते पुनःपुन्हा फसत होते. पहिल्या वर्षाची सगळीच पोरं फसतात. त्यांच्यासाठी माझी एक युक्ती होती. चित्रातल्या माणसाशी हात मिळवायचा. आपला उजवा हात त्याच्या उजव्या हाताकडं तिरका जातो. जिकडं हात गेला, तिकडं यकृत. मास्तरांनी ह्यांना उठून उभं राहायला सांगितलं आणि गंभीर चेहऱ्यानं हात मिळवला. हात डावीकडं गेला. मग त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं तपकिरी यकृताला हलकेच टोचलं आणि म्हणाले, बरोबर.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या वहिनी शेंगाची चटणी घेऊन दारात आल्या. त्यांनी पाहिलं ते असं: आमचे हे बनियन वर करून उभे, पोट चार रंगांत रंगवलेलं, एक अनोळखी गृहस्थ त्यांचा हात धरून पोटाला टोचतायत, आणि मी स्केचपेन घेऊन 'शाब्बास' म्हणतेय. वहिनींनी वाटी टेबलावर ठेवली आणि आल्या पावली परत गेल्या. पुढं रंग निघेना. त्या डब्यात एक पेन कायमच्या शाईचं होतं, ते मला काय ठाऊक. ह्यांचं जठर तीन दिवस राहिलं.

संध्याकाळी मी मालकांना फोन करून माझा शब्द मागं घेतला. शब्द मागं घेणं मला किती जड जातं ते ह्यांना विचारा. मालक तयार झाले, पण अट घातली. आणखी एक जरी चित्र उलटंसुलटं आलं तर तयार चित्रं घेणार आणि मास्तरांचं नाव पुस्तकातून निघणार. मी म्हटलं, मंजूर, तपासणारी मी आहे.

मग दर गुरुवारी मास्तर यायला लागले. सायकल, चप्पल जोडून ठेवणं, पिशवीतून पाकीट काढणं, आणि माझं लाल पेन चालू असताना छताकडं बघत बसणं. पहिल्या गुरुवारच्या चित्रांत शाईपेक्षा लाल जास्त होतं. आतडी त्यांनी चादरीच्या काठासारखी काढली होती, सगळी वळणं एका मापाची, एका अंतरावर. मी सांगितलं की आतडी इतकी शिस्तीत राहायला लागली तर डॉक्टर उपाशी मरतील. दुसऱ्या गुरुवारी पोटाचा घेर जरा जास्तच आला. मी विचारलं तर म्हणाले, साहेबांचं बघून काढलं. हे आतून ओरडले की माझं पोट घेऊ नका, दुसऱ्याचं घ्या.

पण चुका कमी होत गेल्या. एका गुरुवारी हाताच्या हाडांचं चित्र आलं. मनगटाची आठ बारकी हाडं, एकाला एक चिकटलेली, जिथं भलेभले गडबडतात. मी मोजलं, सत्तावीस. परत मोजलं. मग वेड लागल्यासारखी एखादी चूक शोधत बसले, कारण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सापडली नाही. मी कोपऱ्यात लाल टिक केली. मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि ती टिक बराच वेळ बघितली. मी त्यांना कडक भाकरी आणि चटणी वाढली. मला इतका आनंद झाला होता की मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

उन्हाळा लागेपर्यंत सगळ्या चित्रांना लाल टिक मिळाली. पोटाच्या मोठ्या चित्राला शेवटी मिळाली. त्यासाठी मी मास्तरांना सात वेळा परत पाठवलं होतं. आठव्यांदा आलेलं चित्र मी आजवर बघितलेल्या सगळ्या पोटांत देखणं होतं, आणि त्यात छापील पुस्तकातली पोटंही आली.

मग छापखान्यातून पानं लावून आली, चित्रांना अवयवांची नावं जोडून. छापण्याआधी मी शेवटचं वाचून सही करायची होती. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन, आत कूलर, पुढं शेंगदाण्यांची वाटी आणि माझं लाल पेन. मी प्रत्येक नाव वाचलं, प्रत्येक नावापासून निघालेली रेघ कुठं जाते ते पाहिलं. यकृताची रेघ यकृताला, जठराची जठराला, पित्ताशयाची पित्ताशयाला. दोन ठिकाणी रेघ अर्ध्यावर थांबली होती, ती मी पुढं नेली. शेवटच्या पानावर झोकात लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे. छापावे.' खाली सही ठोकली आणि ह्यांना म्हटलं, झालं बघा एकदाचं. मी म्हणेन ती पूर्व दिशा, असा माझा तोरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर छापखान्यात गेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण मागावर नवं डिझाइन चढलं की पहिला हातभर कपडा उतरेपर्यंत डिझाइन मास्तरनं मागाजवळ उभं राहायचं, ही त्यांच्यातली रीत. पोराचं पहिलं पाऊल बघायला घरचं माणूस पाहिजे, असं ते म्हणायचे. मशीन सुरू झालं, पहिले कागद बाहेर आले, आणि मास्तरांनी ओरडून मशीन बंद करायला लावलं. माझा फोन वाजला तेव्हा मी अंघोळीला निघाले होते.

ते म्हणत होते की मोठं पोट उलटं छापलंय. मी आधी समजावलं, मग चिडले. रात्रभर मी शांत झोपले होते ती त्या सहीवर. मी म्हटलं की चित्रं काढणं तुमचं काम, तपासणं माझं, आणि मी तपासलेलं आहे. उलटं असेल तर तुमच्या डोळ्यांत असेल. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तेव्हाच मला नकोसं वाटलं, पण गेलेला शब्द कुठं परत येतो?

मग मास्तर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एकदा येऊन हात मिळवा की."

मी अंघोळ न करता ह्यांच्या स्कूटरवर मागं बसले. वाटेत मी ह्यांना सांगत होते की म्हाताऱ्याला शिकवलं तर आता मलाच शिकवायला लागलाय. हे मात्र सात रस्त्याच्या चौकात सिग्नल नसताना थांबले, माझा आवाज कमी व्हावा म्हणून.

छापखान्यात ओला कागद टेबलावर पसरलेला होता. मास्तर बाजूला उभे होते, हात पाठीमागं. मी ऐटीत कागदापुढं उभी राहिले आणि चित्रातल्या माणसाशी हात मिळवायला उजवा हात पुढं केला. माझा हात तिरका डावीकडं गेला. यकृत उजवीकडं होतं.

चित्र तेच होतं, मास्तरांचंच, आठव्यांदा काढलेलं. पण आख्खं उलटं झालं होतं, आरशात बघितल्यासारखं. पानं लावणारी ताई घाबरून सांगायला लागली. नावं पुस्तकाच्या मधल्या शिवणीत जात होती, म्हणून तिनं संगणकावर चित्र उलटवलं आणि नावं दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा नीट जोडली. ती रोज पत्रिका लावते. गणपतीचं चित्र ती कधी उलटवत नाही, सोंड फिरते हे तिला माहीत आहे. पण पोटालाही दिशा असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिनं नावं इतकी बिनचूक जोडली होती की मी नावं वाचत गेले, रेघा धरून चालत गेले, आणि त्या माणसाकडं एकदाही बघितलं नाही. आयुष्यभर पोरांना सांगितलं की आधी हात मिळवा, मग बाकीचं. मी स्वतः मिळवला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तेवढ्यात मालक आले. बंद मशीन, खराब झालेले कागद आणि मध्ये उभे मास्तर, एवढंच त्यांना दिसलं. ते म्हणाले, "मास्तर, परत उलटं? आपलं काय ठरलं होतं?"

मास्तर खाली बघत राहिले. ते बोलले नाहीत, कारण बोलायचं म्हणजे माझं नाव घ्यावं लागलं असतं. आणि मी, खोटं कशाला बोलू, दोन श्वास गप्प राहिले. तीस वर्षांत माझ्या सहीनंतर कुणाला चूक सापडली नव्हती. सोलापुरात निम्मे डॉक्टर माझ्या हाताखालून गेलेत, उद्या सगळीकडं होईल की लाल पेन चुकलं. हे सगळं माझ्या मनात त्या दोन श्वासांत येऊन गेलं. मग मला जोडून ठेवलेली चप्पल आठवली, आणि माझी मलाच चीड आली.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "सही माझी आहे, आणि पकडली मास्तरांनी. ते नसते तर सगळ्या आशाताई उद्यापासून यकृत डावीकडं शोधत बसल्या असत्या."

मालक माझ्याकडं बघतच राहिले. मी तिथं थांबले नाही, मला थांबता येत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीचं पान मागवलं. त्यावर एका ओळीत 'चित्रे' आणि पुढं मास्तरांचं नाव होतं, खालच्या ओळीत 'तपासणी' आणि पुढं माझं, पदव्यांसकट. मी लाल पेन काढलं आणि तपासणीच्या ओळीत माझ्या नावाआधी मास्तरांचं नाव लिहिलं. मालक विचारायला लागले की यांच्यापुढं पदवी काय घालायची. मी म्हटलं, डिझाइन मास्तर घाला, सोलापुरात त्यापेक्षा मोठी कोणती आहे? पानं लावणारी ताई पहिल्यांदा हसली. मास्तर मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते, आणि मधूनच चष्मा पुसत होते.

ताईनं चित्र सुलटं केलं, नावं परत फिरवली. छपाईची नवी प्लेट होईपर्यंत आम्ही तिथंच बसून उसाचा रस प्यायलो. मी फोनवर जे बोलले त्याबद्दल मास्तरांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, मॅडम, जास्त बर्फ नको ना? दुपारी नवा कागद उतरला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पेन मास्तरांच्या हातात दिलं आणि म्हटलं, आधी तुम्ही.

त्यांनी घ्यायला नाही म्हटलं. मी डोळे वटारले, तेव्हा घेतलं. कागदापुढं उभे राहिले, शर्ट नीट केला आणि त्या माणसाशी हात मिळवला. हात डावीकडं गेला आणि यकृतापाशी थांबला. मग त्यांनी वाकून कोपऱ्यात लाल टिक केली. त्यांच्या टिकेखाली मी माझी केली.

मशीन पुन्हा धडधडायला लागलं तरी मास्तरांनी तो कागद सोडला नाही. वाळल्यावर त्यांनी त्याची सुरळी केली आणि मालकांना विचारलं, नातीसाठी नेऊ का? मी म्हटलं, अहो, आता पुस्तकच मिळणार आहे तिला, त्यात हेच चित्र आहे, तुमचं नावही दोनदा आहे.

"पण पुस्तकात टिक छापत न्हाईत की, मॅडम," ते म्हणाले, आणि सुरळी काखेत धरून सायकलीकडं गेले.